जावरची उतरंड

राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरला जस्ताची जुनी भट्टी पाहायची म्हणून जाऊ नये, हे सुरुवातीलाच सांगतो. कारण मी त्याच आशेने गेलो होतो, आणि दिवसभर ऊन खाऊनही मला उभी अशी एकही भट्टी दिसली नाही. निघण्यापूर्वी वाचलेल्या एका लेखात भट्ट्या जागच्या जागी उभ्या असल्याचे, गाडी थेट तेथपर्यंत जात असल्याचे आणि सगळे मिळून दोन तासांत आटोपत असल्याचे ठामपणे लिहिले होते. ते लिहिणारा जावरला कधी गेलाच नव्हता, असे माझे मत झाले आहे. तरीही जावे का, असे कोणी विचारले तर जावे, असेच मी म्हणेन; मात्र काय पाहायचे आहे ते घरूनच समजून घेऊन जावे, भाडे उदयपुरातच कागदावर लिहून घ्यावे, आणि ज्या उताराविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे त्या उतारावरून कोणी कितीही आग्रह केला तरी खाली येऊ नये.

माझा व्यवसाय पितळेच्या ओतकामाचा आहे. कोल्हापूरजवळ लहानसा कारखाना आहे आणि तीस वर्षे मुशीपुढे, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यापुढे, उभे राहण्यात गेली आहेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. यातले तांबे शहाणे आणि जस्त पळपुटे. वितळलेल्या तांब्यात जस्ताची वीट सोडली की मुशीच्या तोंडाशी हिरवट ज्योत उठते, पांढरा धूर छपराला लागतो आणि त्या धुराबरोबर रोख पैसे मोजून घेतलेले जस्तही निघून जाते. दर हीटला, म्हणजे दर वेळच्या वितळणीला, हिशेबापेक्षा थोडे जस्त जास्त टाकावे लागते ते त्यामुळेच. तो धूर फार वेळ छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. त्यावर कामगारांना दूध पाजण्याची जुनी पद्धत आहे, तिचा उपयोग किती हा प्रश्न वेगळा. जे जस्त तयार वीट हातात असतानाही मला धरून ठेवता येत नाही, ते दगडातून पहिल्यांदा काढणाऱ्यांनी कसे धरले असेल, हा प्रश्न डोक्यात घर करून बसला होता, आणि त्याचे उत्तर मेवाडातल्या जावरला आहे असे कळल्यावर मेहुण्याला बरोबर घेऊन मी निघालो.

पुढे जाण्यापूर्वी ही अडचण नीट समजून घ्यावी, कारण ती समजल्याशिवाय जावरला जाणे म्हणजे फुकटची पायपीट आहे. खनिजातून धातू काढण्याची बरीच कामे एकाच वाटेने जातात: खनिजात गंधक असेल तर ते आधी हवेत भाजून गंधक घालवायचे आणि मग उरलेले ऑक्साइड कोळशाबरोबर तापवायचे, कोळशाने त्यातला ऑक्सिजन ओढून घेतला की धातू मोकळा होतो. शिसे आणि तांबे असे मोकळे झाले की वितळून भट्टीच्या तळाशी साचतात आणि मळ वर तरंगतो. जुन्या लहान भट्टीत लोखंड वितळत नाही, पण सच्छिद्र गोळा होऊन आत बसून तरी राहते, आणि तो गोळा बाहेर काढून ठोकता येतो. जस्ताचे तसे नाही. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, पण कोळसा त्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन जोमाने सोडवू लागतो तो हजार अंशांच्या आसपास. म्हणजे जस्त जन्मते तेच वाफ होऊन. त्या वाफेला भट्टीतली हवा किंवा निवत्या धुरातला कार्बन डायऑक्साइड भेटला की तिची पुन्हा पांढरी भुकटी होते, आणि भट्टी उघडून पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणूनच लोकांनी शेकडो वर्षे जस्ताचे तोंडही न पाहता पितळ केले: तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकाच बंद मुशीत तापवला की वाफ परस्पर तांब्यातच मुरते. पण नुसते जस्त वीट करून बाजारात आणायचे असेल, तर वाफ हवेला भेटण्याआधी तिला थंड जागी नेऊन उतरवावे लागते. जावरच्या कारागिरांनी ते केले, आणि तेही शेराच्या नव्हे तर खंडीच्या मापाने केले.

कोल्हापूर ते उदयपूर हा प्रवास आणि उदयपुरातले पहिले दोन दिवस यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सगळे सुखाचे झाले. अहमदाबादहून हिंमतनगरमार्गे उदयपूरला जाणारा लोहमार्ग रुंद होऊन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जावर हे उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गाने टीडीपर्यंत यावे आणि तेथून डोंगरांच्या दिशेने आत वळावे. आम्ही राहत होतो तेथल्या दारात उभ्या असलेल्या एका गाडीवाल्याशी जाऊन-येऊन २,२०० रुपये ठरले. ठरले म्हणजे तोंडी ठरले, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे त्याला नुसते 'जावर' सांगितले. गाडी एका मोठ्या फाटकापुढे थांबली, पहारेकऱ्याने हात आडवा केला, आणि आमचा गाडीवाला मागे वळून म्हणाला, "साहब, यही है जावर माइन्स।" ते खरेच होते. मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या खाणींतून आजही जस्त आणि शिशाचे खनिज निघते, आणि परवानगीवाचून आत कोणालाही सोडत नाहीत, सोडूही नये. नव्या खाणीबाहेर उभे राहून पाहण्यासारखे काही नसते. आजची रीत आमच्या धंद्यातल्या माणसालाही डोळ्यांनी पाहून उमगणारी नाही: दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात रसायन घालून फेस काढायचा, त्या फेसाच्या बुडबुड्यांना चिकटून खनिज वर येते, मग ते भाजायचे, गंधकाम्लात विरघळवायचे आणि त्या द्रावणातून वीज सोडून अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्ताचा थर चढवायचा. यात जस्ताची वाफ होण्याचा प्रश्नच उरत नाही. आम्हांला हवे होते ते जुने जावर, टीडी नदीच्या काठचे, पडक्या देवळांचे. तेथे जायचे म्हटल्यावर गाडीवाल्याने, ठरलेले भाडे 'माइन्स'पर्यंतचे होते, असे सांगून आणखी ६०० रुपये मागितले. फाटकापासून जुने गाव किती लांब आहे ते प्रत्येकाने नकाशावर स्वतः पाहावे आणि मग ६०० रुपयांविषयी स्वतःचे मत बनवावे. माझे मत येथे लिहिण्याजोगे नाही. पुढे जाणाऱ्यांनी गाडीवाल्याला 'जावर माता मंदिर आणि जुने जावर' असे दोन्ही शब्द स्पष्ट सांगावेत.

जावर मातेचे देऊळ नदीच्या काठी आहे. त्याशिवाय जैन मंदिरांचे अवशेष आहेत, आणि राणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने बांधवलेले रमानाथाचे देऊळ आणि त्यापुढचे कुंड आहे. कुंड सुंदर आहे. ज्यांना देवळांत रस आहे त्यांनी तेथे अर्धा दिवस घालवावा. आम्ही पाय धुतले आणि निघालो.

देवळाजवळच्या टपरीवर चहा घेताना एक वयस्कर गृहस्थ भेटले. आम्ही महाराष्ट्रातून आलो असे कळल्यावर त्यांनी जरा वेळ आमच्याकडे निरखून पाहिले आणि शांतपणे सांगितले, की त्यांच्या आजोबांच्या तोंडी असे होते, की या भट्ट्या दखण्यांच्या धाडींमुळे थंड पडल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांनी मेवाडवर बसवलेल्या खंडण्या आपल्याही इतिहासात आहेत, आणि त्यापाठोपाठ १८१२-१३ चा दुष्काळ आला; जावरचे काम बंद पडण्यामागे ही दोन्ही कारणे सांगितली जातात. पानिपत आणि अटक एवढेच पाठ करून मोठे झालेल्या आम्हां दोघांपाशी यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मेहुण्याने चहाचे पैसे जरा जास्तच ठेवले.

त्याच टपरीवर आम्हांला वाटाड्या मिळाला, आणि येथून पुढे सगळे बिघडले. महाराणा प्रताप ज्या गुहेत राहिले ती गुहा दाखवतो, भट्ट्याही दाखवतो, ८०० रुपये होतील, असे त्याने सांगितले. प्रतापांनी संकटाच्या काळात जावरच्या जुन्या खाणींचा आसरा घेतला अशी परंपरा आहे, आणि तेथली माणसे ती मनापासून सांगतात. गुहा म्हणून जे दाखवले ती जुनी खाणच होती, आणि तिचे तोंड पाहण्यासारखे आहे यात वाद नाही. सुरुंगाची दारू येण्यापूर्वी कठीण दगड फोडण्याचा उपाय आगीचा होता: दगडाच्या भिंतीला लाकडे रचून पेटवायची, दगड तापून तडकला की तो घणा-छिन्नीने सोडवायचा. अशा रीतीने पोखरलेली भिंत छिन्नीच्या घावांची न दिसता गोलसर, हंड्याच्या आतल्या बाजूसारखी दिसते आणि तिच्यावर काजळी असते. जावरच्या जुन्या कामांमध्ये सापडलेल्या लाकडांचे वय दोन हजार वर्षांहून अधिक भरले आहे. त्या काळी बहुधा शिसे आणि त्यातली चांदी हेच उद्दिष्ट असावे. शिसे राखेच्या वाटीत हवेवर तापवले की शिशाची राख होऊन ती वाटीत मुरते आणि चांदीचा मणी मागे उरतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राणा लाखाच्या वेळी या खाणींचे नाव पुन्हा झाले तेही चांदी-शिशापायीच, असे मेवाडच्या इतिहासात सांगतात. तोंडापासून दोन पावले आत उभे राहून हे सारे दिसते. त्यापुढे जाऊ नये. आमचा वाटाड्या मोबाइलच्या उजेडात आत बोलावत होता; आत खोल खड्डे असतात, हवा कोंडलेली असते, आणि माथ्यावरचा दगड कधी सुटेल ते सांगता येत नाही. मेहुणा निघाला होता, त्याला मी दंडाला धरून मागे ओढले. त्याबद्दल तो अजून नाराज आहे.

भट्ट्या कुठे, असे विचारल्यावर वाटाड्याने डोंगराच्या कुशीतून सरळ खाली नदीकडे बोट दाखवले आणि आल्या वाटेने परत न जाता हा 'शॉर्टकट' घेऊ म्हणाला. वरून पाहताना तो उतार काळपट मुरमाचा वाटत होता. उंची फार नव्हती. सह्याद्रीत ज्यांनी चार गड केले आहेत त्यांना तो किरकोळ वाटेल, मलाही वाटला. पहिल्या दहा पावलांतच कळले की हा मुरूम नव्हे. पाय ठेवला की पायाखालचे सगळे फिरत होते. दगड सरकतो तेव्हा तो कोणत्या बाजूला सरकणार याचा पायाला अंदाज असतो. येथे पायाखाली लाटण्यासारख्या गोल, लांबट, पोकळ वस्तू होत्या, एकीवर एक, हजारोंनी, आणि त्या एकाच वेळी लोळत, फुटत आणि खचत होत्या. फुटली की धार काचेसारखी. हात टेकला तर तळवा कापतो, बसून घसरावे तर विजार फाटते, उभे राहावे तर घोटा मुरगळतो. मी हे तिन्ही केले. सगळी मिळून दीडशे पावलांची ती उतरण उतरायला आम्हांला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात वाटाड्या खाली झाडाच्या सावलीत विडी ओढत बसला होता. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट मी दोनदा केली आहे. माझ्या पायांनी दोन्हींत जावरला वरचा क्रमांक दिला.

निम्म्यावर घोटा मुरगळल्यानंतर बसण्यावाचून इलाज नव्हता. बसलो, आणि बुडाखाली टोचणारी वस्तू बाहेर काढून पाहिली, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले की आपण ज्यासाठी आलो तेच इतका वेळ पायाखाली तुडवत आहोत. ती मूस होती. वीतभरापेक्षा थोडी लांब, मनगटाहून जाड, एका टोकाला बंद आणि दुसरीकडे निमुळती. बाहेरून आगीने वितळून हिरवट-काळा काचेचा थर चढलेला, आतून खरखरीत. रसशास्त्र म्हणजे धातू आणि खनिजांपासून औषधे करण्याचे आपले जुने शास्त्र; त्याच्या जुन्या ग्रंथांपैकी रसरत्नसमुच्चयात जस्ताचे सत्त्व, म्हणजे खनिजातला धातू, काढण्यासाठी 'वृंताकमूषा' सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगे. तिला बारा अंगुळे लांब नळी असावी आणि ती धोत्र्याच्या फुलासारखी पसरट असावी, असेही तेथे म्हटले आहे. ग्रंथातली उपमा हातात धरून पाहण्याचा योग मला तरी आयुष्यात दुसऱ्यांदा येईल असे वाटत नाही. डोंगराच्या अंगावर ही अशी वांगी पसरली होती, आणि प्रत्येक वांगे आमच्या घरी करतात तसे भरलेले असे: भाजलेल्या खनिजाची पूड, डोलोमाइट हा चुनखडीसारखा दगड, कोळसा, मीठ आणि शेण असे एकत्र मळून, बोराएवढ्या गोळ्या वळून, वाळवून त्यात ठासायच्या.

आता खरी करामत. भरलेली मूस भट्टीत उलटी लावायची, म्हणजे बंद टोक वर आणि तोंड खाली. मग गोळ्या खाली सांडणार नाहीत का? त्यासाठी तोंडातून आत एक काडी खोवलेली असे. ती काडी गोळ्यांना तोवर धरून ठेवते जोवर त्या तापून एकमेकींना चिकटत नाहीत. आणि नंतर ती स्वतः जळून जाते तेव्हा मधोमध वाफ उतरायला पोकळ वाट ठेवून जाते. एवढ्याशा काडीकडून दोन कामे करून घेणाऱ्या त्या माणसाला मी माझ्या कारखान्यात वाटेल तो पगार देऊन ठेवले असते. भट्टीचे दोन मजले असत. मध्ये भोके पाडलेल्या मातीच्या जाड फरशा, चार फरशा जुळवून एक चौरस, प्रत्येक फरशीत नऊ मुशींच्या नळ्या. म्हणजे एका भट्टीत सहा-सहाच्या ओळींत ३६ मुशी. वरच्या मजल्यावर विस्तव, अकराशे अंशांच्या वर. नळ्यांची तोंडे खालच्या थंड मजल्यात. वाफेला वर जायला वाट नाही, आत हवा नाही, म्हणून ती खाली येते आणि खालच्या भांड्यात जस्ताचे थेंब होऊन पडते. धूर वर जातो हे लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याला खाली जायला लावणे हेच जावरचे काम. मुशीच्या तोंडाशी निळी ज्योत दिसते तोवर तो कोळशाचा वायू, आणि ती पांढरी झाली की जस्त येऊ लागले, हीही खूण जुन्या ग्रंथकारांनी नोंदवून ठेवली आहे. आजही मुशीपुढे उभे राहून मी रंगावरूनच निर्णय घेतो, त्यामुळे हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता.

१९८३ च्या सुमारास येथल्या खाणी चालवणारी हिंदुस्थान झिंक कंपनी, ब्रिटिश म्युझियम आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले तेव्हा अशा सात भट्ट्यांची रांगच सापडली. सात गुणिले ३६ म्हणजे २५२. मूस एकदाच वापरता येत असे. काम झाले की ती फोडून, झाडून, उतारावर फेकून द्यायची. एका मुशीतून निघणारे जस्त काही शे ग्रॅमचे, पण रांग एकदा पेटली की दुसऱ्या दिवशी २५२ रिकामी वांगी कचऱ्यात. हे काम बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढे काही शतके चालले. त्या हिशेबाने आम्ही ज्यावर बसलो होतो त्या ढिगाची खोली किती असेल, याचा अंदाज करण्याचा प्रयत्न मेहुण्याने केला आणि सोडून दिला. जस्ताच्या खनिजाला रसशास्त्रात खर्पर म्हणत, पण तो सारा डोंगर खापरांचाच आहे. आपल्याकडे एकावर एक रचलेल्या मडक्यांना उतरंड म्हणतात. येथे डोंगरालाच ती लागली आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त गाळण्याचे पेटंट घेतले, आणि त्यातही वाफ खालीच उतरवलेली होती. ती युक्ती पूर्वेकडून गेली की त्याला स्वतंत्रपणे सुचली, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. मेहुण्याच्या मते वाद नाही.

म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की, भट्टी शोधण्यात वेळ घालवू नये. १९८८ मध्ये अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने या स्थळाला ऐतिहासिक महत्त्वाचे स्थळ म्हणून मान्यता दिली, ती मला वाटते या ढिगांकडे पाहूनच पटते. ढीग पायथ्यापासून, नदीच्या बाजूने, सपाटीवर उभे राहून पाहावेत. आम्ही पाऊण तास घालून जे मिळवले ते तेथे पाच मिनिटांत आणि दोन्ही घोटे शाबूत ठेवून मिळते. जुन्या घरांच्या आणि कुंपणांच्या भिंती अवश्य पाहाव्यात. दगडाऐवजी मुशी आडव्या रचून, मध्ये चिखल भरून त्या उभारल्या आहेत, आणि भिंतीच्या अंगावर गोल गोल तोंडांच्या रांगा दिसतात. मला सबंध दिवसात निखळ आनंद वाटला तो अशा एका भिंतीपुढे. तिच्या आडोशाला शेळ्या बांधल्या होत्या.

घोटा झाकणारे, जाड तळव्याचे बूट हवेत. कापडी बूट घालून येणाऱ्याने डोंगराला हात लावू नये. कातड्याचे हातमोजे कोणी सांगत नाही, मी सांगतो. पाणी माणशी तीन लिटर, कारण टपरीच्या पुढे काही मिळत नाही आणि काळ्या खापरांवर ऊन तव्यासारखे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ; आम्ही मार्चच्या अखेरीस गेलो, आणि तेही मूर्खपणाच होते. सकाळी आठला ढिगापाशी पोहोचावे, अकराला निघावे. वाटाड्या घ्यायचाच असेल तर भिंती आणि नदीकाठ दाखवणारा घ्यावा, गुहेचे नाव काढणारा नको. एखादी मूस उचलून घरी आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण आणू नये. मेहुण्याने खिशात घातलेली नळी मी त्याला परत ठेवायला लावली, आणि यावरूनही तो नाराज आहे. लहान मुलांना नेऊ नये. ज्यांना रसायनात रस नाही अशा मित्रांना तर मुळीच नेऊ नये. त्यांना तो कचरा दिसेल, आणि ते परतीच्या वाटेवर तसे बोलून दाखवतील.

एक दिवस हाताशी असेल तर उदयपुरातच आहाडला जावे. तेथे चार हजार वर्षांपूर्वी तांबे गाळणाऱ्या लोकांची वस्ती होती, जुने नाव तांबावती, आणि संग्रहालय लहान पण सावलीत आहे. त्या दिवशी मला सावली एवढ्यानेच ते फार आवडले असते, पण चालता येत नव्हते.

परतताना गाडीवाल्याने २,२०० आणि ६०० खेरीज 'वेटिंग'चे ७०० रुपये लावले. म्हणजे ३,५०० त्याचे, ८०० वाटाड्याचे, आणि घोट्याच्या पट्टीचे वेगळे. मी वाद घातला, त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि रक्कम तीच ठेवली. त्या वेळी ठरवले होते की या ठिकाणाचे नावही कोणाला सांगायचे नाही. कोल्हापुरात पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी कारखान्यात मूस पेटवली, जस्त सोडले, आणि पांढरा धूर सरळ छपराकडे निघाला तेव्हा कामावरची पोरे माझ्याकडे पाहत राहिली, कारण मी त्या धुराला उद्देशून मोठ्याने काहीतरी बोललो होतो. त्या रात्री हे लिहायला बसलो.

बूट धुताना तळव्याच्या खाचांतून हिरवट काचेच्या दोन कपच्या निघाल्या. नियम मीच सांगितला असला तरी त्या परत ठेवायला त्या उतारावर मी जाणार नाही.